अख्खी टर्की की नुसतं ब्रेस्ट?

हॉटेलच्या किचनमध्ये किस्से फ्रीजरमधल्या बर्फासारखे साठतात. कुणी मुद्दाम ठेवत नाही. एक दिवस दारच लागेना की कळतं!

आखातात झल्लाकला समुद्रकाठच्या आमच्या हॉटेलातले माझ्याकडचे सगळे किस्से दत्ताकाकांचे. दत्ताकाका गुहागरचे. अठरा वर्षं स्मोकर, म्हणजे मांस धुरावर शिजवायची भट्टी, सांभाळत होते. डिसेंबरात टर्कीच्या ऑर्डरी आल्या की अख्खा पक्षी धुरावर सहा-सात तास. मी पुण्याहून हॉटेल मॅनेजमेंट करून आलेली, चोवीस वर्षांची, आणि त्यांची साहेब!

*

पहिल्याच टर्कीत मी थर्मामीटर खुपसला आणि ओरडले, "झाली! काढा!"

काकांनी तो बाहेर ओढून जरा बाजूला टोचला. आकडा धाडकन खाली.

"ताई, हाडाला ताप आलाय. मांसाला नाही अजून."

*

शहरातल्या सीफ भागातून आलेल्या एका बाईंनी टर्कीचा पाय परत पाठवला. "गुलाबी आहे, म्हणजे कच्चा आहे!"

काका स्वतः टेबलापाशी गेले. धुरानं मांस शिजूनही गुलाबी राहतं हे सांगायचं, तर इंग्रजीची बोंब. त्यांनी त्याच पायाचा तुकडा तोडला, बाईंसमोर उभ्यानं खाल्ला आणि म्हणाले, "मॅडम, स्मोक. पिंक. गुड."

मी कपाळाला हात लावला. बाई म्हणाल्या, "दुसरा पाय आहे का?"

*

पण अशा बाई एखाद्याच. बुफेवर छातीचं पांढरं मांस संपायचं आणि पाय, पाठ तशीच आत यायची. किचनमधला न कापलेला भाग असेल तर काका स्टाफसाठी वाटण लावून रस्सा करायचे. बुफेवरून आलेलं मात्र नियमानं कचऱ्यात.

"हा गुन्हा आहे काका!" मी चिडायचे.

"मग पाहुण्यांना पाय खायला शिकवा की."

तेवढा धीर कुणाला होता? मी रिपोर्ट लिहिला.

*

एकच पान. अख्खी टर्की बंद करा, नुसतं ब्रेस्ट स्मोक करा. तीन तासांत होतं, हाडं नाहीत, काही वाया जात नाही. शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं: 'हे काम कुणालाही जमेल.'

शेफ खूश. "यल्ला, चला, याच सीझनपासून!"

पुढच्या महिन्यात काकांचा व्हिसा रिन्यूअलला आला आणि झाला नाही. त्यांच्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष बाकी होतं. मी तरातरा एचआरमध्ये गेले, भांडले, टेबलावर हात आपटला. तिथल्या माणसानं शांतपणे माझंच पान माझ्यापुढे सरकवलं.

"मॅडम, हे वाक्य तुमचंच ना?"

*

मी काकांना सगळं सांगितलं. ते वाक्यसुद्धा.

"खोटं नाही लिहिलंत," ते म्हणाले आणि स्मोकरची जाळी घासत राहिले.

*

त्यांच्या शेवटच्या दिवशी मी विचारलं, "काका, आज तुमच्यासाठी काय करू?"

"ब्रेस्ट द्या. अठरा वर्षं पाय आणि हाडंच आली वाट्याला. तो तुकडा कधी पानात घेऊन खाल्लाच नाही."

मी स्वतः स्मोकर लावला. त्यांना हात लावू दिला नाही. बरोबर तीन तासांनी जाड काप कापून प्लेटमध्ये वाढला. सगळं किचन भोवती उभं.

काकांनी हात धुतले, खुर्ची ओढून बसले, एक घास घेतला. बराच वेळ चावत राहिले. मग पाणी मागितलं.

"जरा कोरडं झालंय," ते म्हणाले. "पण ताई, वेळ वाचतो खरा!"