बाजूचं दार

बायको, मुलं आणि घर यांपैकी ओळख आधी कुणाची करून द्यायची, असा प्रश्न आमच्या अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या काकांना उभ्या आयुष्यात पडला नाही. आधी घर! नव्वदच्या दशकात सगळी मराठी मंडळी नवीकोरी घरं घेत असताना नागपूरच्या या इंजिनिअरनं एका पाद्र्याचं जुनं विटांचं घर घेतलं, दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती ठेवली आणि कमानदार खिडक्यांच्या प्रेमात ते आकंठ बुडाले. 'जय भीम' म्हणून पाहुणा कोट काढतोय तोच काका त्याला पुन्हा थंडीत बाहेर नेत. "आधी छपराचा स्लोप बघ. बर्फ आपोआप कसा घसरतो!" एकदा तो माझ्याच डोक्यावर घसरला. "बघ, अजून वर्क करतंय!" काकांना कोण आनंद! आत काकूंचे पोहे गार होत.

पण काकांचा खरा जीव बाजूच्या दारात. ते थेट पाद्र्याच्या अभ्यासिकेत उघडे. दुःख घेऊन आलेल्या माणसाला घरच्यांच्या डोळ्यांसमोरून जावं लागू नये, म्हणून ही सोय. आत भिंतीला लागून एक लाकडी बाक. "रडणाऱ्याची लाज राखणारं आर्किटेक्चर आहे हे!" काका म्हणत.

"इथं रडते मीच," काकू म्हणत. "सगळा वारा त्या दारातून येतो." त्यांना भिंत पाडून किचन मोठं करायचं होतं आणि ते दार बुजवायचं होतं. शेवटी काका हरले. कामाचा दिवस ठरला आणि मी डबे हलवायला गेलो. काका त्या दारापाशी केविलवाणे उभे होते.

तेवढ्यात तेच दार वाजलं. बाहेर मागच्या गल्लीतली म्हातारी अमेरिकन बाई. आदल्याच दिवशी तिचा नवरा गेला होता. लहानपणापासून दुःखात याच दाराशी यायची सवय, घर विकलं गेलंय हे ती विसरूनच गेली होती. काका गडबडून तिला खिडकीची कमान दाखवू लागले. काकूंनी त्यांना बाजूला सारलं, आल्याचा चहा आणला आणि तिला जवळ घेऊन बाकावर बसल्या. बाई पोटभर रडली. ती गेल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "अहो, त्या लोकांना फोन करा. काम कॅन्सल."

पुढे मी नोकरीसाठी दूर मॉरिसव्हिलला राहायला गेलो. एका हिवाळ्यात काका गेल्याचं कळलं, तसा धावत आलो. समोरच्या दाराशी बुटांचा ढीग, आत माणसंच माणसं, काकू मात्र कुठं दिसेनात. मी वळसा घालून बाजूच्या दारानं आत गेलो. काकू त्या बाकावर एकट्याच बसल्या होत्या, डोळे कोरडे. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "डोक्यावर बर्फ कसला रे?"

"छपरावरून पडला," मी म्हणालो. "अजून वर्क करतंय, काकू."

तेव्हा कुठं त्या रडल्या.