एव्हरेस्टवरचा घास

आमच्या करडी गावाकडं रोवण्याच्या दिवसांत धानाच्या बांधीत डबा उघडला की पहिला घास धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवायचा आणि मागं पाहायचं नाही. कोणासाठी, हे विचारायचं नाही. माझा धाकटा भाऊ यावर लई हसायचा.

त्याला एव्हरेस्टचं खूळ लागलं होतं. तिथल्या जुन्या मोहिमांच्या गोष्टी सांगून तो माझं डोकं खायचा. दोन साहेब ढगात शिरले, ते परतलेच नाहीत. नंतर आणखी एक साहेब एकटाच वर गेला. माथ्यावर पहिल्यांदा माणूस पोचला त्याच्या वीसेक वर्षं आधीची ही गोष्ट. त्या साहेबाला सारखं वाटे, सोबत कोणीतरी आहे. खायला काढलं तेव्हा त्यानं वडीचे दोन तुकडे केले आणि एक द्यायला वळला. मागं कोणीच नव्हतं.

"पाह्य बरं, साहेबही घास काढे!" मी म्हटलं.

"पण तो मांगं पाहला ना ताई!"

यंदा हा बाबा खरंच निघाला. मला धडकीच भरली. आई-बाप गेल्यावर मीच वाढवलेला पोरगा तो. मुरमुऱ्याचे लाडू बांधून दिले अन् बजावलं, "हसू नको. वर खाशील तं एक तुकडा बाजूले ठेव."

शिखरावरून उतरताना तो धुक्यात चुकला. सोबतच्यांनी फोन करून आशा सोडा म्हणून सांगितलं. माझ्या घरात चूल पेटली नाही. मग खबर आली, आपल्या पायांनी खाली आला म्हणून! मी ढसाढसा रडले.

घरी आला खरा, पण जेवायला बसला की सरकून बाजूला जागा करायचा. म्हटलं, थंडीनं डोकं बधिरलं असेल, होईल बरा.

परवा भर दुपारी बांधीवर डबा उघडला. रोवणाऱ्या बाया पलीकडच्या बांधीत होत्या. यानं भाताचा घास घेतला, धुऱ्यावर ठेवलाच नाही. हात मागं केला अन् हळूच म्हणाला, "घे."

मी विचारलं, "काहून रे, कोणाले देऊन राहिला?"

"वर लाडवाचा तुकडा ठेवलो ताई, आन् मांगं पाहलो."

"अरे मूर्खा! आन् त्याले घरी घेऊन आला?"

"मी कुठं आणलो? मले वाटच दिसत नव्हती. त्यानंच मले खाली आणलं." तो अगदी शांत होता. "आता परत वर चाल म्हणून राहिला."

मी चिखलाच्या हातानं त्याचं मनगट धरलं. तो उठायला लागला होता.