बारा जोडी पाय

दुसऱ्याची पापं कबूल करून येणारा माणूस जगात एकच आहे आणि तो माझा धर्मपिता आहे.

धर्मपिता म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या वतीने मेणबत्ती धरून 'याच्या श्रद्धेची काळजी मी घेईन' असा शब्द देणारा माणूस. बाकीचे धर्मपिते शब्द देतात, पोटभर जेवतात आणि पुढे चार-दोन नाताळांना बाळाला शर्टाचं कापड देतात. माझे काका मात्र तो शब्द ड्युटीसारखा अंगावर घेऊन बसले. ते वडिलांचे खापरखेड्याच्या वीज केंद्रातले जोडीदार. आयुष्यभर मशिनांच्या घरघरीवर आवाज चढवून बोलल्यामुळे आता त्यांना हळू बोलताच येत नाही. त्यामुळे शनिवारी ते पापनिवेदनाला गेले की जाळीपलीकडच्या फादरांबरोबर रांगेतल्या पंधरा जणांनाही सगळं ऐकू येतं. स्वतःची पापं काका दोन मिनिटांत उरकतात. ती बहुतेक ठेच्याशी संबंधित असतात, कारण उपवासाच्या दिवसांतही भिवापुरी मिरची पाहिली की त्यांचा संयम सुटतो. मग घसा खाकरून म्हणतात, "आता माह्या धर्मपुत्राचं घ्या."

"काका, दुसऱ्याची पापं सांगायची नसतात," फादर कुजबुजतात.

"दुसऱ्याची कुठं? मेणबत्ती मी धरली होती. वर गेल्यावर मलेच विचारतीन ना!"

आणि मग माझा आठवडा जाहीर होतो. रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला आला नाही. आईला फोन केला नाही. हुडकेश्वर रोडवर स्वतःचं नवं होर्डिंग लावलं.

होर्डिंगचं पाप खरं आहे. माझे कोचिंग क्लास आहेत. तीन शाखा, चौथीची जागा बघणं सुरू. हाताची घडी घालून, तिरक्या मानेने उभा असा मी शहरात अकरा ठिकाणी टांगलेला आहे. मी देवाला विसरलोय असं मात्र कुणी म्हणू नये. प्रत्येक शाखेत माझ्या टेबलामागे क्रूस आहे. त्याच्या खाली माझा फोटो आहे, आणि तो क्रूसापेक्षा तिप्पट मोठा निघाला, यात फ्रेमवाल्याची चूक आहे. काका पहिल्यांदा ऑफिसात आले तेव्हा बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पोट्ट्यायले तारणार नेमका कोन, याच्यातला?"

देवाकडे मागण्याच्या बाबतीतही आमचं पटत नाही. मी संस्कारी माणसासारखा प्रार्थना करतो: 'प्रभू, तुझी इच्छा असेल तर, माझ्या नव्हे तर मुलांच्या भल्यासाठी, चौथी शाखा...' काका मागच्या बाकावरून ओरडतात, "सीधं माग ना गा! त्याले काय समजून नाही राहिलं?"

अशा माणसाच्या हाती गेल्या वर्षी माझी अब्रू गेली, ती पवित्र गुरुवारी. शेवटच्या भोजनाआधी येशूने बारा शिष्यांचे पाय धुतले, म्हणून त्या संध्याकाळी आमच्याकडे फादर गुडघ्यांवर बसून धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, बारा जणांचे पाय धुतात. त्या बारांत बसायची माझी फार इच्छा होती. स्पर्धा परीक्षांचा माणूस मी, नम्रतेतही मला मेरिट लिस्ट हवी होती! शिवाय समोर अख्खं चर्च बसलेलं असतं आणि त्यात बारावीचे पालक असतातच. नाव यायच्या आधीच मी धरमपेठेत जाऊन पेडिक्युअर करून आलो. बायको माझ्या गुलाबी टाचांकडे बघून म्हणाली, "अहो, आता नम्रतेचीही एक बॅच काढा."

बारा जण निवडायचं काम फादरांनी काकांवर सोपवलं होतं. मी भिवापुरी मिरचीची पिशवी घेऊन त्यांच्या घरी गेलो.

"तुले काहून बसाचं आहे?" त्यांनी पिशवी ठेवून घेत विचारलं.

"प्रभूसमोर लहान व्हावं म्हणून."

"तू खुर्चीत, फादर खाली गुडघ्यावर, आन् लहान तू? वा रे मास्तर!"

रविवारी बोर्डावर यादी लागली. एक रिक्षावाला, दोन नर्सबाई, चर्च झाडणाऱ्या मावशी आणि असेच बाकीचे. बारावं नाव काकांचं स्वतःचं. माझ्यापेक्षा योग्य माणूस म्हणून ते स्वतःलाच सापडले, हे मला झोंबलं. मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

गुरुवारी मी तिसऱ्या बाकावर तोंड पाडून बसलो. वेदीसमोर बारा खुर्च्या होत्या. बाकीच्यांनी आधीच चपला काढल्या होत्या. काका तेवढे काळे बूट घालून आले होते, नाड्या करकचून बांधलेले. फादर तांब्या-घंगाळ घेऊन त्यांच्यापर्यंत पोचले तरी काका वाकण्याच्या प्रयत्नातच होते. वाकता येईना. मग त्या शांत चर्चमध्ये घोषणा झाली, "अबे मास्तर! इकडं ये. बूट काढून दे मले."

दोनशे माना वळल्या. मी इस्त्रीच्या कुर्त्यानिशी गेलो आणि त्यांच्या पायाशी बसलो. राग होताच, नाडी सोडली, बूट धरून हिसका दिला. बूट निघेना.

"हळू गा," काका म्हणाले.

मी नाडी पूर्ण ओढून काढली, बुटाची जीभ मागे सारली, बोटभर बोटभर करत बूट सोडवला. आत मोजा कातडीत रुतला होता, तोही हळूहळू उतरवला. पाय सुजून चकचकीत झाला होता, घोट्यावर मोज्याच्या जाळीची खूण उमटली होती. हे आजचं नव्हतं, महिन्याचं तरी होतं. हा पाय घेऊन हा माणूस दर शनिवारी दोन बस बदलून यायचा आणि माझं सगळं सांगायचा. स्वतःच्या पायाचं एवढ्या मोठ्या आवाजात कधी एक अक्षर बोलला नव्हता.

"काका, कधीपासून?"

"तुह्या क्लासमध्ये हे शिकोतेत का? फादर थांबून राहिले ना!"

फादरांनी पाणी सोडलं. मी टाच तळहातावर धरली होती, त्यामुळे अर्धं पाणी माझ्या बाह्यांवरून कोपरापर्यंत गेलं. फादरांनी पाय पुसला, तांब्या उचलला आणि ते उठले. दवाखाना, सोनोग्राफी, डॉक्टरांशी काकांचं भांडण, हे सगळं पुढे व्हायचं होतं.

"झालं. जा आता तुह्या जागेवर," काका म्हणाले.

जायला हवं होतं. मागे लोक गाण्याला उभे राहिले होते. मी मात्र तो गार, ओला पाय मांडीवर घेऊन फरशीवर तसाच बसून राहिलो. इतक्या खाली मी बऱ्याच वर्षांत बसलो नव्हतो.