दिराने परत आणलेली सीडी

अक्का खाप्याहून नागपूरला माझ्याकडे आली तेव्हा तिच्या पिशवीत दोन वस्तू होत्या. एक धंतोलीतल्या डोळ्यांच्या दवाखान्याची फाइल आणि दुसरी ब्लाउजपीसमध्ये बांधलेली, मुलाच्या लग्नाची सीडी. फाइल तिने टेबलावर टाकली. सीडी मांडीवर घेतली आणि चहा संपेपर्यंत तिच्यावरचा हात काढला नाही.

सीडी म्हणजे खरे तर डीव्हीडी, पण आमच्या घरात तिला तसे कोणी म्हणत नाही. माझ्या या थोरल्या बहिणीच्या मुलाचे लग्न झाले आणि त्यानंतर काही वर्षांनी तिचे यजमान गेले. लग्नाच्या चित्रीकरणात शेवटी, पाठवणीच्या जरा आधी, व्हिडिओवाल्याने माइक त्यांच्यापुढे धरलेला आहे आणि ते दोन-तीन वाक्ये बोलले आहेत. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. मुलाकडची प्रत पुण्यात घर बदलताना हरवली. व्हिडिओवाल्याने धंदा बंद केला. उरली ती ही एकच, आणि ती नेमकी त्या वाक्यांच्या अलीकडे अडकत होती.

नातेवाइकांत सीडी लिहिणारा ड्राइव्ह असलेला संगणक आता फक्त माझ्याकडे आहे. त्यामुळे पेपरातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर हे काम आपोआप माझ्याकडे आले. मूळ सीडी संगणकावर उतरवायची, कोऱ्या सीडीवर लिहायची, आणि लिहिलेली शेवटपर्यंत चालवून बघायची. शेवटची पायरी बहुतेक लोक गाळतात.

"आधी तुझा दवाखाना करू," मी म्हणालो. "तोवर हे चालू राहील."

"नाही. आधी हे. मी इथंच बसते."

"काहून? माझ्यावर पण भरवसा नाही?"

"तुझ्यावर आहे गा. पण ही घरातून भाएर गेली का माणसं बदलतात."

या वाक्यामागे इतिहास होता. लग्नानंतर कोणीतरी ही सीडी बघायला नेली आणि तिची प्रत गावातल्या केबलवाल्याच्या हाती लागली. एका दुपारी खाप्यातल्या घराघरांत अक्काच्या सासरच्या बायका हळदीत नाचताना दिसल्या. भाजीवालीने तिला बाजारात अडवून कौतुक केले. तेव्हापासून सीडी लोखंडी कपाटात गेली. नियम ठरला: बघायची असेल तर घरी येऊन बघा, कॉपी काढायची नाही.

हा नियम तिने एकदाच सैल केला, तोही दिरासाठी. दीर गांधीबागेत एका ठोक कापड दुकानात काम करतो आणि नागपुरातच राहतो. उन्हाळ्यात तो आला आणि म्हणाला, पोरीला मोठ्या बाबांना, म्हणजे अक्काच्या यजमानांना, बघायचे आहे. कॉपी न काढण्याची शपथ घालून अक्काने सीडी दिली. दोन-चार दिवसांत ती परत आली. ब्लाउजपीस तोच होता, पण गाठ वेगळी होती. अक्का नेहमी सरगाठ मारते, ही निरगाठ होती. दिवाळीत मुलगा आला, सगळे टीव्हीपुढे बसले आणि सीडी अडकली.

"त्यानंच केलं," अक्का म्हणाली.

"त्याला काय मिळालं करून?"

"जळते तो आपल्या भावावर. यायचा आवाज लागला का घरात सगळे गप होतात. तो बोलते तवा कोणी मान वर करून पाह्यत नाही."

दिराच्या मुलीचे लग्न महिन्याभरावर आले होते. अक्काने सांगून ठेवले होते की सीडीचे काय केले हे तो कबूल करत नाही तोवर ती लग्नाला जाणार नाही. घरातल्या थोरल्या बाईशिवाय मांडव घालणे म्हणजे काय, हे दोघांनाही माहीत होते.

सीडी आत घातली. किती उतरले हे दाखवणारी पडद्यावरची पट्टी बराच वेळ सरळ पुढे सरकली. मग ड्राइव्हचा आवाज बदलला. गती वाढायची, पडायची, पुन्हा वाढायची. शेवटाच्या जरा आधी पट्टी थांबली आणि पडद्यावर सूचना आली की पुढचा भाग वाचता येत नाही.

"पाह्यलं? तिथंच."

बिघाड इतका नेमका जागेवर असणे मलाही खटकले. झीज कुठेही होते. हवा तोच भाग निवडून खराब करायला माणूस लागतो. गॅलरीत जाऊन मी दिराला फोन लावला.

"भाऊ, अक्काच्या सीडीबद्दल—"

"मी काही नाही केलं तिले."

प्रश्न अजून विचारलेला नव्हता. बातमीदारीत अशी उत्तरे बाजूला लिहून ठेवायची पद्धत असते.

"वयनी तिथंच आहे का?" त्याने आवाज उतरवून विचारले. मी हो म्हणालो. दुकान बंद झाल्यावर येतो म्हणून त्याने फोन ठेवला. काचेपलीकडून अक्का माझ्याकडे बघत होती.

दुपारी धंतोलीला गेलो. अक्काने सीडी बरोबर घेतली, घरी ठेवायला तयार झाली नाही. दवाखान्याच्या बाकांवर वणी, पुसद, गोंदिया, कुठकुठून आलेली माणसे बसली होती. नर्सने अक्काच्या डोळ्यांत थेंब टाकले आणि डोळे मिटून बसायला सांगितले. दिसेनासे झाल्यावर तिने प्रथमच सीडी माझ्या हातात दिली.

"धरून ठेव. कोणाले देऊ नको."

मी गाठ सोडली. ट्यूबलाइटखाली सीडीची चमकती बाजू तिरपी धरली. बाहेरच्या कडेजवळ करंगळीशेजारच्या बोटाच्या टोकाएवढा एक मंद, पिवळसर डाग होता. त्याच्याभोवती बारीक ओरखडे, गोल गोल गेलेले. सीडी आतून बाहेर वाचली जाते. शेवटचा भाग बाहेरच्या कडेला असतो. म्हणजे जागा बरोबर होती. मी डाग नाकाजवळ नेला.

"अक्का, याले चंदनाचा वास येऊन राहिला."

"येणारच," ती डोळे मिटूनच म्हणाली. "पितृपक्षात गंध लावला होता."

"सीडीले?"

"मंग? फोटोले दरवर्षी लावते. फोटोत यायचा चेहरा आहे. आवाज कुठं आहे? आवाज तर हिच्यात आहे. या वर्षी मनात आलं, दोन्हीले लावावा."

"पण या बाजूनं काहून लावला?"

"वरच्या बाजूले पोराचा अन् सुनेचा फोटो आहे ना. जित्या माणसाच्या कपाळावर पितरांचा गंध लावू का? एवढं लिहीत होता पेपरात, इतकं समजत नाही तुले?"

शेजारच्या बाकावरची म्हातारी मान हलवून "बरोबर आहे बाई" म्हणाली.

"अन् मग पुसला कशानं?"

"ओल्या पदरानं. चांगला घासून."

क्रम जुळला. उन्हाळ्यात दीर, मग पितृपक्ष, मग दिवाळी. सीडी कोणाकोणाच्या हातात गेली हे अक्काने मनात पक्के धरले होते, फक्त त्यात स्वतःचा हात धरला नव्हता. सहाणेवर उगाळलेल्या चंदनात कण असतात. ते घासले की सीडीवर ओरखडे पडतात, हे मी तिला हलक्या आवाजात सांगितले.  तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गालावर आले होते. ते औषधाचे होते की नव्हते, सांगता येत नाही.

ती म्हणाली, "सकाळी गॅलरीत त्याच्यासंगंच बोलत होता ना तू?"

"हो."

"मंग त्यानंच शिकवलं असंल हे."

"अक्का, वास तूच घेऊन पाह्य."

तिने घेतला नाही. "अन् गाठ कशी बदलली?"

हा प्रश्न उरलाच होता. फोनवरचा तो घाईचा नकारही.

घरी येऊन मी सीडी साध्या पाण्याने धुतली, मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसली. डाग गेला, ओरखडे राहिले. पट्टी पुन्हा तिथेच थांबली.

दीर दिवेलागणीला आला. हातात दुकानाची पिशवी होती. चपला काढून तो दारातच उभा राहिला.

"ये ना, कापडवाल्या," अक्का म्हणाली. तिला अजून अंधुकच दिसत होते. "काय आणलं, पुरावा?"

त्याने पिशवीतून कागदी पाकिटातली एक सीडी काढली. तिच्यावर काहीही लिहिलेले नव्हते.

"वयनी, मी कॉपी केली होती. उन्हाळ्यातच. पोरीच्या कॉम्प्युटरवर."

"शपथ घातली होती मी."

"म्हणून तर सांगितलं नाही. लय घाईत केली अन् घाईतच बांधली." गाठीचे उत्तर मिळाले. "दिवाळीत तुमची बंद पडली तवा आणून देणार होतो. पण तुम्ही म्हटलं असतं, यानं कॉपी मारली अन् मूळ बिघडवली."

"म्हटलंच असतं."

"मंग? देऊन चोर, न देऊन चोर."

मी ती सीडी लावली. थेट शेवटाकडे नेली. मांडव, विझत आलेली रोषणाई, खुर्च्या उचलणारी माणसे. मग भाऊजी, अक्काचे यजमान, फेटा हातात घेतलेले, समोर आलेल्या माइककडे संशयाने बघणारे. "काय बोलू मी? जेवले का सगळे? कोणी उपाशी जाऊ नका बरं." एवढेच. मग कॅमेरा दुसरीकडे वळतो.

"पुन्हा लाव," अक्का म्हणाली. चित्र तिला नीट दिसत नव्हते. ती कान पुढे करून बसली होती. दीर भिंतीकडे बघत होता. मी पुन्हा लावले.

"केबलवाल्याले देली का ही?"

"आता केबलवर लग्न कोण पाह्यते वयनी? तो केबलवालाच मोबाइलची कव्हरं विकून राहिला."

"अन् मोबाइलवर?"

त्याने कागदी पाकीट उलटसुलट केले. मग म्हणाला, "पोरीच्या मोबाइलवर आहे. दादाचं बोलणं तेवढंच. तिले ते लग्नाच्या पंगतीत लावायचं आहे. म्हणते, मोठे बाबा असते तर पंगतीत फिरून त्यायनंच विचारलं असतं. मी म्हटलं, वयनीले विचारल्याशिवाय नाही. अन् विचारायची हिंमत नव्हती."

अक्काने ब्लाउजपीस मांडीवर घेतला. त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"लावा पंगतीत," ती म्हणाली. "पण मी बसल्यावर. माझ्या माघारी नाही."

दिराने मान हलवली. तिला ते दिसले नसावे, म्हणून त्याने "हो वयनी" असेही म्हटले.

मी दिराच्या सीडीवरून नवी प्रत काढली. अक्काने ती शेवटपर्यंत चालवून घेतली, ऐकली, मगच हातात घेतली. जुनीही मागितली.

"ती आता तिथं चालत नाही अक्का."

"माहीत आहे. तिलेच गंध लावत जाईन. हिले नाही."

दोन्ही सीड्या एकावर एक ठेवून तिने बांधल्या. निरगाठ मारली, तिच्यावर सरगाठ. मग गाठोडे दिराच्या तोंडासमोर धरले.

"गाठ नीट पाहून ठेव," ती म्हणाली.