इंडिया गेटसाठी तेल

प्रेक्षणीय स्थळं बघण्याची मला मुळीच हौस नाही. नवऱ्याला हे कळेपर्यंत उशीर झाला होता. सरकारी नोकरांना मिळणारी प्रवाससवलत वापरून दिल्ली बघायची, असं त्याने ठरवून टाकलं होतं. बांगलादेशची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. तो विश्रामबागेत एका कचेरीत होता आणि मी माधवनगरच्या शाळेत मुलींना इंग्रजी शिकवत होते. जाणार होतो दोघंच. निघायच्या आठवड्यात सासूबाई कडेगावजवळच्या गावाहून वळकटी घेऊनच आल्या. "मी बी येती," एवढंच म्हणाल्या. जेजुरीच्या पलीकडे त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

त्यांच्या पिशवीत भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि करडईच्या तेलाची एक बाटली होती, तोंडाला फडकं घट्ट बांधलेली. तेल डोक्याला लावायचं असेल असं मी धरून चालले. गाडीत एका धक्क्याला पिशवी कलंडली तेव्हा त्यांनी भाकऱ्या सोडून आधी बाटली धरली. नवऱ्याने विचारलं, "आई, दिल्लीत तेल मिळत नाही का?" मग एकेक गोष्ट बाहेर आली.

सासूबाई आईच्या पोटात होत्या तेव्हा त्यांचे वडील पलटणीतून पहिल्या महायुद्धावर गेले. बसऱ्याकडे, एवढंच घरात माहीत होतं. पुढे कागद आला, त्यात बेपत्ता असं होतं. मेला असं कागदात नव्हतं, आणि जे कागदात नाही ते मानायला त्यांची आई तयार नव्हती. ती जन्मभर कपाळभर कुंकू लावत राहिली. आदल्याच वर्षी गेली, तीही सवाष्ण म्हणून, हिरव्या लुगड्यात, ओटी भरून. भावकीतल्या कुणाची ओठ उघडायची छाती झाली नाही. पण यामुळे झालं असं, की पितृपंधरवड्यात गावात घरोघर म्हाळ घालायचे, गेलेल्यांच्या नावाने पान वाढून कावळ्याला ठेवायचे, तेव्हा ह्या माणसाचं पान कधी वाढलंच गेलं नाही. जित्या माणसाचा म्हाळ घालायचा कसा?

गावातल्या एका पेन्शनर सुभेदाराने सासूबाईंना सांगितलं होतं, की त्या लढाईत पडलेल्यांची नावं सरकारने दिल्लीला एका मोठ्या वेशीवर कोरली आहेत. तेव्हा हिशोब सरळ होता. वडिलांचं नाव वेशीवर असलं तर ते गेले. मग नातवाच्या हातून म्हाळ घालायचा, एकदाचा.

"आणि नसलं तर?" मी विचारलं.

"मग बगू," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

तेल वेशीच्या त्या दगडासाठी होतं. त्यांच्या गावात मारुतीच्या देवळापाशी चार-पाच वीरगळ उभे आहेत. तलवार घेतलेला माणूस, वर पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच माणूस. ते वीर कोण, कुठल्या लढाईत पडले, गावात कुणालाही सांगता येत नाही, पण अमावास्येला बाया सगळ्यांना तेल घालतात. शेकडो वर्षांच्या तेलाने ते दगड काळे कुळकुळीत झालेत. लढाईत पडलेल्या माणसाचा दगड आहे म्हटल्यावर त्याला तेल नको, हे त्यांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

दिल्लीत नवऱ्याने आम्हाला आधी बाकीचं सगळं दाखवलं. तो घाण्याला जुंपल्यासारखा फिरत होता आणि आम्हाला फिरवत होता. लाल किल्ल्यात सासूबाईंनी अंगणातली हिरवळ बघून विचारलं, "हितं काय पेरत न्हाईत व्हय? एवढं पानी पाजत्यात." कुतुबमिनारापाशी मान वर करून म्हणाल्या, "कशापायी बांधला म्हनं?" नवऱ्याने विजयस्तंभ वगैरे सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण त्यांना पटलेलं नव्हतं. मलाही नव्हतं. राजघाटावर मात्र कुणी काही सांगायच्या आत त्यांनी चपला काढल्या, पदर सारखा केला आणि डोकं टेकलं. प्रत्येक ठिकाणाहून निघताना त्या एकच विचारायच्या, "आता येशीकडं?"

तिसऱ्या दिवशी इंडिया गेटला गेलो. कमानीखाली नव्यानेच पेटवलेली ज्योत, उलटी रोवलेली बंदूक, तिच्यावर शिरस्त्राण आणि बाजूला पुतळ्यासारखा उभा पहारेकरी. सासूबाईंनी ज्योतीला लांबूनच हात जोडले आणि थेट भिंतीकडे वळल्या. भिंतभर नावं होती. इंग्रजीत, खालपासून पार वरपर्यंत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मराठीही जेमतेमच. त्या एका जागी उभ्या राहिल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "हुडका."

आम्ही हुडकलं. नावं कशाच्या क्रमाने लावली आहेत ते कळेना. मराठी वळणाची आडनावं दिसली की आम्ही थांबायचो, पण पुढचं नाव वेगळंच निघायचं. वरच्या ओळी तर वाचताच येत नव्हत्या. मान अवघडली, ऊन डोक्यावर आलं. सासूबाई बाटली छातीशी धरून आमच्या मागे मागे येत होत्या, काही न विचारता. त्या विचारत नव्हत्या याचाच मला त्रास होत होता.

शेवटी नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, "कुठलंही एक दाखवून टाकू. तिचं समाधान होईल." माझं उत्तर यायच्या आत त्याने हाताच्या उंचीवरच्या एका नावावर बोट ठेवलं. "आई, हे बघ. आजोबा."

सासूबाई पुढे आल्या. अक्षरांवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोरी, तू वाच."

मी जे होतं ते वाचलं. फार खरं बोलणारी आहे म्हणून नव्हे. समोर लिहिलंय एक आणि वाचायचं दुसरं, हे मास्तरणीच्या तोंडून निघतच नाही. नाव परक्या मुलखातलं होतं, आमच्याकडे असलं नाव कुणी ठेवत नाही. नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं, की पुढचा अख्खा प्रवास आम्ही जरुरीपुरतंच बोललो.

सासूबाई रडल्या नाहीत, लेकावर रागावल्याही नाहीत. त्यांनी मला ते नाव पुन्हा वाचायला लावलं, आणि मग आणखी एकदा. मग लेकाला विचारलं, "ह्यो कुठला म्हनायचा, रं?"

"असेल पंजाबकडचा," तो खाली बघत म्हणाला.

"ह्येचं कोन आलं असंल का हितं, कवा?"

त्यांनी बाटलीचं फडकं सोडायला घेतलं, तेवढ्यात एक शिपाई लगबगीने आला. "माताजी, यहाँ तेल नहीं डालते." सासूबाईंना शब्द कळले नसतील, हात कळला. "दगूडच हाय की बाबा," त्या समजुतीने म्हणाल्या. शिपाई चांगला होता, पण हलेना. त्यांनी फडकं परत बांधलं. सकाळी मी त्यांच्या केसांना चांगलं चापून तेल लावून दिलं होतं. त्यांनी पदर मागे सारला, तळहात डोक्यावरून दोनदा दाबून फिरवला आणि त्या नावावर टेकवला. दगडावर गडद ठसा उमटला. शिपायाने तो पाहिला आणि तो दुसरीकडे बघायला लागला.

परत येताना बाटली तशीच भरलेली होती. सासूबाई गाडीत अधूनमधून ते नाव पुटपुटायच्या, चुकलं की मी सुधारायची.

त्या वर्षीच्या पितृपंधरवड्यात त्यांनी आम्हाला गावी बोलावून घेतलं. खीर, वडे, भाजी, सगळा स्वयंपाक केला. भावकी जमली. केळीचं एकच पान मांडलं होतं. त्यांनी लेकाला पुढे बसवलं आणि दिल्लीच्या त्या माणसाचं नाव घ्यायला सांगितलं.

सासूबाईंचे चुलत दीर तडकले. "आवं वैनी, कोन कुठला, जात ना गोत. त्येचा म्हाळ तुमी का म्हनून घालायचा?"

सासूबाई खीर वाढत होत्या. पळी थांबली नाही.

"ह्येचा म्या घालती," त्या म्हणाल्या. "माज्या आबाचा तिकडं कुनीतरी घालत आसंल."

त्यांच्या वडिलांचं नाव आणि म्हाळ हा शब्द एकत्र आलेला त्या घरात कुणी ऐकला नव्हता. नवऱ्याने ते अवघड नाव नीट उच्चारलं आणि तो पान उचलून कौलांवर ठेवून आला. सासूबाई दारात उभ्या राहून वर बघत राहिल्या, आणि कावळा पानाला शिवला तेव्हा कुठे त्यांनी पदराने डोळे पुसले.