ढिल्या हाताचा इवाई

माझ्या व्याह्याइतका सावकाश माणूस वर्धा जिल्ह्यात दुसरा नाही, आणि या बाबतीत मी घासाघीस ऐकून घेणार नाही. त्याच्या कपातल्या चहावर साय धरते. चपला घालायला बसला की आधी पायांची विचारपूस करतो की काय असं वाटतं. जन्मभर बस चालवून निवृत्त झाला, पण त्यानं कधी करकचून ब्रेक मारल्याचं कोणाला आठवत नाही. लांब कुठे बैल दिसला तरी हा आधीच ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा. मी अगदी उलटा. वांग्यांची टोपली डोक्यावर घेऊन जाम गावच्या चौरस्त्यावर उभा राहिलो, तिथपासून भाजीचं ठोक दुकान होईपर्यंत जे मिळवलं ते आवाज चढवून मिळवलं.

त्याच्यावर माझा जुना राग आहे, मंजूच्या लग्नाच्या बैठकीपासूनचा. मुलीचा बाप म्हणून मी जय्यत तयारी केली होती. वऱ्हाडी किती आणायचे, कार्यालय कोणाच्या गावचं, मुलगी पुढे नोकरी करणार, सगळं भांडून घ्यायचं ठरवलं होतं. हा हिंगणीहून आला, सतरंजीवर मांडी घातली आणि माझ्या प्रत्येक वाक्यावर म्हणाला, "तुमी म्हणान तसं, इवाई." सोयरीक ठरायच्या आधीच मला इवाई म्हणजे व्याही करून मोकळा. चहा उकळायच्या आत सगळं ठरलं. मंजू त्याच्या मुलाबरोबर पुण्याला गेली आणि माझी भांडणं माझ्याजवळच राहिली.

मागे राहिला डांबर. हायवेच्या कडेला सापडलेलं काळंकुट्ट पिल्लू, मंजूनंच वाढवलेलं. घरात तो कोणाच्या वाटेला जायचा नाही. पण दोरी बांधून बाहेर काढला आणि समोर दुसरं कुत्रं दिसलं की दोन पायांवर उभा राहून असा भुंकायचा की ढाब्यावरची माणसं जेवता जेवता उठायची. मंजूला तो पुण्याला हवा होता. पण तिच्या इमारतीत जिन्यात, लिफ्टमध्ये कुत्रीच कुत्री, आणि भुंकणाऱ्याला तिथे थारा नव्हता. "बाबा, मले त्याच्याशिवाय करमत नाई," ती रोज फोनवर म्हणायची. "तो काही सुधरत नाई बाई," मी सांगायचो, आणि तेव्हा तो माझ्या पायावर हनुवटी टेकून पडलेला असायचा. माझा हिशोब सरळ होता. भुंकतो तोवर माझा.

एका सकाळी व्याही पिशवी घेऊन बसमधून उतरला. "पाहू त्याले," डांबरकडे बघून एवढंच म्हणाला आणि राहिला. मुलाचा बाप सुनेच्या माहेरी येतो तो जेवून परत जायला. हा पार हिवाळा संपेपर्यंत राहिला. माझ्या बायकोनं आधी पुरणपोळ्या केल्या, मग पाटवड्या, आणि शेवटी वरणभात वाढून म्हणाली, "इवाईबुवा, आता तुमी घरचेच." त्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

स्वतः गळ्यात माळ घातलेला, अंड्याला न शिवणारा हा माणूस दुकानामागे चूल मांडून कुत्र्यासाठी कलेजी उकडायचा. केळझरच्या गणपतीचा भक्त, म्हणून चतुर्थीला डांबरलाही पनीर. त्याची रीत साधी होती. दुसरं कुत्रं लांब ठिपक्याएवढं दिसलं की थांबायचं, डांबर गप्प आहे तोवरच त्याला तुकडा द्यायचा आणि तो भुंकायच्या आत वळायचं. दुसऱ्या दिवशी थोडं जवळ. वळायला वेळ नसेल तर उभ्या ट्रकच्या आड व्हायचं. एकदा आम्ही दोघं इवाई असे ट्रकच्या चाकामागे दबून बसलो असताना एक भाजीवाला शेतकरी वाकून म्हणाला, "शेठ, कोणापासून लपून राह्यले?"

"कुत्र्यापासून," व्याही शांतपणे म्हणाला. ती गोष्ट समुद्रपूरपर्यंत गेली.

पण दोरी माझ्या हातात आली की सगळं मुसळ केरात. मी म्हटलं, कुत्रं खराब आहे.

"कुत्रं नाई भुकत, इवाई. तुमचा हात भुकते."

"म्हंजे?"

"समोर कुत्रं दिसलं का तुमी दोरी आवळता. त्याले वाटते, मालक भ्याला. मंग तो काऊन नाई भुकनार? हात ढिला ठेवजा."

आणि माझा हात ढिला व्हावा म्हणून त्यानं मला दोरीसकट बाजारात उभं केलं. कोबीचा सौदा चालू, शेतकरी हटून बसलेला, मी तापलो, दोरी ताणली गेली आणि डांबर गुरगुरला. व्याही मागून म्हणाला, "हात." मी हात ढिला सोडला, आवाज खाली आणला. डांबर बसला. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याच्या भावानं माल घेतला. शेतकरी घाबरून म्हणाला, "शेठ, तब्येत बरी आहे न?"

एका सकाळी ढाब्याचं पिवळं कुत्रं अगदी शेजारून गेलं. डांबरनं त्याच्याकडे पाहिलं, मग मान वर करून माझ्याकडे. भुंकला नाही. दोरी माझ्या हातात धाग्यासारखी लोंबत होती.

डांबरला न्यायला मंजू पुण्याहून गाडी घेऊन आली. डांबर उडी मारून तिच्या शेजारी बसला. मी दारात उभा होतो. गाडी चौरस्त्यावरून वळेपर्यंत कोणाशीच भांडता आलं नाही. संध्याकाळच्या बसनं व्याहीही हिंगणीला गेला. आधी मुलगी नेली, मग कुत्रं, दोन्ही वेळा आवाज न चढवता. असल्या माणसाशी भांडावं तरी कसं?

परवा सकाळी त्याचा फोन आला. "फिरून राह्यले का, इवाई?"

"कुत्रं नाई, तर कायचं फिरनं."

"मंग ट्रकचा आवाज कुठचा येऊन राह्यला?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तो म्हणाला, "मीबी कालव्याकडनं फिरून राह्यलो. हात रिकामा वाटते."

तेवढ्यात लांबून ढाब्याचं पिवळं कुत्रं येताना दिसलं. मी रस्त्याच्या कडेला झालो. खिशातला हात घट्ट आवळलेला होता, तो हळूच सैल केला, आणि ते निघून जाईपर्यंत फोन कानाला लावून तसाच उभा राहिलो.