दाढेचे डोंगर

परबबाई माणसाच्या डोळ्यांकडे बघून कधी बोलल्या नाहीत. त्यांची नजर थेट तोंडावर. नाहूरच्या त्या गाळ्यात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा नाव-गाव न विचारता म्हणाल्या, "हस बघू." मी ओठ घट्ट मिटले. "नाय हसलंस तरी चलात. जांभई दी."

त्या गाळ्यात खोटे दात बनायचे. उपनगरांतले डॉक्टर पेशंटच्या तोंडाची मापं पाठवत, त्यात प्लॅस्टर ओतून आम्ही साचा करायचो आणि परबबाई त्यावर मेणाचा दात कोरायच्या. पुढे त्याचीच पक्की कॅप व्हायची. मी परभणीकडची. आठवीनंतर शाळा सुटली, एकोणिसाव्या वर्षी मावशीकडे राहायला आले. मालक म्हणाले होते, तीन महिने बघतो. नाही जमलं तर परत गाव, आणि गावी वडिलांनी माझ्यासाठी स्थळ बघून ठेवलेलं. कोरायचा चाकू हातात असताना बाई मागून नुसत्या गेल्या तरी मी दचकायचे.

बाई मूळच्या कुडाळकडच्या, वडील गिरणीत होते. दाताबद्दल त्या शेजारणीबद्दल बोलावं तसं बोलायच्या. मी कोरलेली पहिली दाढ त्यांनी उजेडात धरली. "डोंगर खंय गेले हिचे? दाढेक डोंगर होये, मधी व्हाळ होयो. ह्यो पाट केलंस तू. बस त्येच्यावर जेवूक."

समोरच्या दोन दातांचा धडा मात्र खास होता. "ह्यो दोघी जावा. एकमेकींकडचो कोपरो ताठ, भायलो गोल. भायल्या माणसांक गोड." कोपऱ्यावरून दात डावा की उजवा ते ओळखायचं. "कळला?" मी हो म्हटलं. कळलं नव्हतं. पण आठवीवाली म्हणून हसतील, या भीतीने मी सगळ्यालाच हो म्हणायचे.

दुसऱ्या महिन्यात घाटकोपरच्या एका डॉक्टरांचा फोन आला. समोरच्या दाताची कॅप बसली होती चपखल, पण पेशंट आरशात बघून म्हणाली, हा दात माझा नाही. कोपरे उलटे झाले होते. मालक गरजले, "कोणाचं काम हे?" बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "हिचा. आणि मी न बघता पाठवलंय." मनातल्या मनात मी परभणीच्या गाडीत बसलेसुद्धा.

मग बाईंनी त्या पेशंटचा साचा मालकांच्या हातात दिला. "खंयचो कोपरो गोल, सांगा बघू."

मालक साचा उलटसुलट फिरवत राहिले. "अहो बाई, मला काय विचारता?"

"अठरा वर्षां गाळो चालवतास! ह्या पोरीक दोनच म्हयने झाले. ती शिकतली. तुमचा काय ता बघा."

मालक हसले नाहीत, पण त्या दिवशी मला काढलंही नाही.

संध्याकाळी बाईंनी गुलाबी लगदा माझ्या तोंडात घालून माप घेतलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्याच दातांचा साचा माझ्यापुढे ठेवला. दाढांचे शेंडे घासून गुळगुळीत झालेले. मी एकोणीसची, दाढा साठीच्या बाईच्या.

"रातचे दात खातंस काय गो?"

"मावशी म्हणते, जंत झालेत."

"जंत नाय, भिया! कळूक नाय तरी हो म्हणतंस आणि मगे रातभर तोच घास चावत बसतंस." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "झिजला ता परत येणा नाय. पण हयसर थांबवूक येता."

झोपताना दातांवर चढवायची एक पारदर्शक पट्टी त्यांनी मला करून दिली, दाढांऐवजी ती झिजावी म्हणून. बदल्यात अट एकच: नाही कळलं तर 'नाय कळला' म्हणायचं. मग मी दिवसातून दहादा म्हणायला लागले. "पुरे गो बाय, माझो जीव घेतलंस!" असं म्हणून त्या पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या. तीन महिने संपल्याचा विषय मालकांनी काढला नाही, मीही विचारलं नाही. आजही मी त्याच टेबलावर बसते.

पुढे बाईंचे हात कापायला लागले. त्या काम सोडून गावी गेल्या. निघताना म्हणाल्या, "हस बघू." मी रडत रडत हसले. त्यांनी वाकून बघितलं. "उजवी दाढ नीट घास."

गेल्या वर्षी त्यांच्या भाचीने फोन करून बाई गेल्याचं सांगितलं. त्याच आठवड्यात माझ्या पट्टीला दोन भोकं पडलेली दिसली. ही माझी तिसरी पट्टी. म्हणजे दात खाणं सुटलेलं नव्हतंच. माझा जीव थाऱ्यावर राहिना. खणातून सात वर्षांपूर्वीचा तो साचा काढला. त्याच्या बुडाला बाईंनी पेन्सिलीने नाव घातलं होतं, 'भियाळी', म्हणजे भित्री. मी नवं माप घेतलं, नवा साचा ओतला, दोन्ही शेजारी ठेवले आणि नवी झीज शोधत बसले. एकदा डोळ्यांनी, एकदा बोटाने, मग खिडकीत नेऊन.

सापडली नाही. तरी परत एकदा बघितलं. भियाळी ती भियाळीच. पण डोंगर, उरले होते तेवढे, जागेवर होते.